खेळातील कमाई आणि खेळातील वाहने



कामगार चळवळीतील माणसाने व्याख्यानमालेत उसाच्या दरावर बोलावे, माथाडी कायद्यावर बोलावे, फार तर भविष्य निर्वाह निधीवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आम्ही आज संगणकावरील एका खेळाविषयी बोलणार आहोत. विषयाचे नाव कळल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "पोरांच्या खेळावर व्याख्यान कसले देता?" त्यांस आम्ही असे उत्तर दिले की, ज्या ठिकाणी माणूस तासन्‌तास राबतो, त्याच्या कामाचा दर दुसरा कोणी ठरवतो आणि कामाची हत्यारे त्या दुसऱ्याच्याच दुकानातून घ्यावी लागतात, ते ठिकाण आमच्या विषयाबाहेरचे नाही.

आम्ही स्वतः ह्या खेळात तरबेज नाही. आमच्या ओळखीची चालकांची आणि गॅरेजमधील कारागिरांची वयात आलेली मुले तो खेळतात. त्यांच्याजवळ बसून, कागद-पेन्सिल घेऊन, जमाखर्च कसा चालतो तो आम्ही समजून घेतला. तोच येथे मांडतो.

खेळाचे नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन'. मुले नुसते 'जीटीए' म्हणतात. नावाचा अर्थच मोटारचोरी असा आहे. मूळ खेळाचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी विक्रीस आला आणि अनेकांनी एकत्र खेळण्याचा हा भाग त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सुरू झाला. त्या पाचव्या भागाच्या जगभर वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. तो तयार करणारी रॉकस्टार ही संस्था न्यूयॉर्कच्या टेक-टू कंपनीच्या मालकीची असून, मुख्य काम स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाले. खेळातील गावाचे नाव लॉस सँटोस. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराची ती नक्कल आहे; तोच समुद्र, तेच डोंगर, तेच रुंद रस्ते. ह्या गावात खेळाडू रिकाम्या हाताने उतरतो आणि पुढे गुन्हेगारी जगात आपले बस्तान बसवतो. चोरी, तस्करी, दरोडे हा तेथला धंदा. म्हणून हा खेळ प्रौढांसाठी आहे असे वेष्टनावरच छापलेले असते. युरोपात त्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे. आईबापांनी ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी की, हा खेळ साध्या मोबाईलवर चालत नाही. त्याला चांगला संगणक किंवा खेळाचे खास यंत्र लागते. आपल्याकडील पुष्कळ मुले तो स्वतः खेळत नसून दुसऱ्याने खेळलेला मोबाईलवर पाहत असतात. ह्याच मुलांना "मोबाईलवर जीटीए पाच" असे सांगून बनावट ॲप गळ्यात मारले जाते. असले ॲप उतरवून घेऊ नये. त्यात खेळ नसतो. असलाच तर घरच्यांच्या बँकखात्याला धोका असतो.

आता कमाईकडे वळू. खेळातही डॉलरच चालतात, पण ते नकली. त्यांना आम्ही येथे 'खेळडॉलर' म्हणू, म्हणजे खऱ्या डॉलरशी घोटाळा होणार नाही.

कमाईचे चार थर आहेत. पहिला थर सुट्या कामाचा. रस्त्यावरची मोटार पळवून गॅरेजात विकावी, शर्यतीत उतरावे, कोणी सांगितलेली कामगिरी पार पाडावी. गंमत अशी की, ह्या गुन्हेगारी गावात प्रामाणिक कामही मिळते. २०२३ पासून टॅक्सी चालवण्याची आणि २०२४ पासून पिझ्झा घरपोच नेण्याची सोय झाली आहे. दुसरा थर दुसऱ्याच्या हाताखालील कामाचा. एखादा खेळाडू आपली टोळी काढतो, बाकीचे त्याचे सोबती होतात. सोबत्यांना ठराविक थोडी रक्कम मिळते आणि मालाच्या विक्रीचा मोठा पैसा टोळीवाल्याकडे जातो. तिसरा थर स्वतःच्या धंद्याचा. कोठार किंवा तळघर विकत घ्यावयाचे, कच्चा माल आणावयाचा, माल तयार होईपर्यंत थांबावयाचे आणि मग तो वाहनात भरून गिऱ्हाइकाकडे पोचवावयाचा. चौथा थर मोठ्या दरोड्यांचा. त्यात पूर्वतयारीच्या पाच-सात फेऱ्या आणि शेवटी एक मोठा डाव असतो.

बीड जिल्ह्यातील श्रोत्यांना ही रचना ओळखीची वाटली असेल. आपल्याकडून दर वर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या तोडीला जातात. तेथेही टोळी आहे, मुकादम आहे, नवराबायकोचा मिळून एक कोयता आहे आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल आहे. खेळातही उचलीसारखा एक प्रकार २०२२ सालापासून आला. नव्या यंत्रांवर नवीन येणाऱ्या खेळाडूला आरंभीच चाळीस लाख खेळडॉलर हातात दिले जातात; अट अशी की, त्यांतील निदान तीस लाख तेथल्या तेथे धंदा, वाहन आणि शस्त्रे ह्यांवर खर्च केले पाहिजेत. ही उचल फेडावी लागत नाही. पण ज्याच्या नावावर कोठार झाले, तो कोठार भरण्यासाठी उद्या पुन्हा येतो. उचल देणाऱ्याला तेवढे पुरते.

एका बाबतीत मात्र खेळ आपल्या उसाच्या फडापेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१५ साली आलेल्या पहिल्या दरोड्यांपासून अशी पद्धत आहे की, म्होरक्या पूर्वतयारीचा खर्च स्वतः उचलतो आणि शेवटच्या डावापूर्वी प्रत्येकाचा वाटा टक्केवारीत पडद्यावर मांडतो. तो सर्वांना दिसतो. ज्याला मान्य नसेल त्याने निघून जावे. चोरांच्या टोळीत वाटा आधी कळतो आणि घाम गाळणाऱ्या तोडकऱ्याला मात्र आपल्या उसाचे वजन काट्यावर किती भरले आणि उचलीतून किती फिटले, हे हंगाम संपताना मुकादमाच्या वहीतून कळते. मुलांनी ही तुलना जरूर करावी.

आता वाहने. ह्या खेळात शेकडो वाहने आहेत आणि नव्या खेळाडूचा पैसा बहुधा येथेच बुडतो. वाहन निवडण्याचे तत्त्व उसाच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. डोकी सेंटरवाला मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतो, त्याला तोडणीचे पैसे मिळतात. बैलगाडीवाला तोडतो आणि वाहतोही, म्हणून त्याला वाहतुकीचा दरही मिळतो. पण बैलांचा खर्च आणि पुष्कळदा कारखान्याच्या टायरगाडीचे भाडे त्याच्या माथी असते. फड जवळ असेल तर बैलगाडी परवडते, लांब असेल तर ट्रॅक्टर. धारूरच्या घाटातून दोन ट्रॉल्या भरून नेणाऱ्याला विचारा, तो सांगेल की सपाटीवरचे वाहन घाटात कामाचे नसते. तात्पर्य, वाहन रस्ता आणि माल पाहून घ्यावयाचे असते. लॉस सँटोसमध्येही हाच नियम लागू पडतो.

तेथे पहिले उपयोगी वाहन म्हणजे चिलखती कुरुमा ही मोटार. किंमत सुमारे सात लाख खेळडॉलर. संगणकाने चालवलेले शत्रू पिस्तुले-बंदुका झाडतात, त्यांच्यापासून ती आतल्यांचे चांगले रक्षण करते. म्हणून कामगिऱ्या करणाऱ्या नवशिक्याला ती लौकर वसूल होते. पण स्फोटकापुढे तिचे काही चालत नाही. एक अग्निबाण पुरेसा होतो. जिवंत माणसे शत्रू असलेल्या खुल्या मैदानात तिच्यावर विसंबू नये.

दुसरे वाहन हेलिकॉप्टर. बझार्ड नावाचे लढाऊ हेलिकॉप्टर साडेसतरा लाखांना मिळते. टोळीचा म्होरक्या म्हणून नोंद केलेल्याला ते जवळच मागवता येते. ह्यात खरी कमाई शस्त्रांची नसून वेळेची आहे. डोंगराला वळसा घालून मोटारीने जावयाचे ते अंतर हेलिकॉप्टर सरळ तोडते. पूर्वतयारीच्या सहा फेऱ्यांत प्रत्येकी पाच मिनिटे वाचली, तर अर्धा तास वाचला. अनुभवी खेळाडू वाहनाची किंमत अशी मिनिटांत मोजतो.

तिसरे उदाहरण पाणबुडीचे. डिसेंबर २०२० मध्ये केयो पेरिको नावाच्या बेटावरील दरोडा खेळात आला. त्यासाठी कोसात्का ही बावीस लाखांची पाणबुडी घ्यावी लागते. तिच्यातच ठेवण्याचे स्पॅरो हे छोटे हेलिकॉप्टर आणखी अठरा लाखांहून अधिक. म्हणजे चाळीस लाखांचे भांडवल. पण हा पहिला मोठा दरोडा असा होता की, जो एकट्याने करता येतो. टोळी जमवणे नको, वाटे नकोत. आरंभीच्या काळात एका फेरीस दहा लाखांच्या आगेमागे पडत. चार-पाच फेऱ्यांत भांडवल वसूल आणि पुढे सर्व नफा, असा हिशेब मुलांनी मांडला आणि पाणबुडीवर उड्या पडल्या.

चौथे वाहन वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. ओप्रेसर मार्क टू ही उडणारी आणि अग्निबाण सोडणारी मोटारसायकल २०१८ साली आली. तिने काम झपाट्याने होई. पण त्याहून अधिक उपयोग दुसऱ्याचा माल उडवण्यासाठी होऊ लागला. त्या काळी धंद्याचा माल खुल्या मैदानातूनच न्यावा लागे. दोन-तीन तास खपून भरलेला ट्रक एखादा उडाणटप्पू वरून येऊन गंमत म्हणून पेटवून देई. जुलै २०२२ मध्ये कंपनीने त्या मोटारसायकलीचे अग्निबाण बोथट केले आणि स्वतःपुरत्या बंद मैदानातही माल विकण्याची परवानगी दिली. नव्या खेळाडूने आता बंद मैदानात धंदा करावा. तेथे मिळकत शांतपणे पदरात पडते.

मालवाहतुकीचा आणखी एक धडा आहे. धंद्याचा माल नेण्यासाठी गाडी बहुधा खेळच देतो. ती निवडता येत नाही. कोठार पूर्ण भरले असेल तर तीन-चार गाड्या पुढ्यात येऊन उभ्या राहतात आणि मुदत अर्ध्या तासाची असते. त्यातच कुरिअरची मंद गाडी वाट्याला आली की, एकटा माणूस सर्व खेपा पुऱ्या करू शकत नाही आणि उरलेला माल वाया जातो. म्हणून एकट्याने कोठार तुडुंब भरू नये. एका गाडीत मावेल तेवढ्याच मालावर विक्री करावी. ज्याच्याजवळ चार माणसांची भरवशाची जूट आहे, त्यानेच भरलेल्या कोठाराची हाव धरावी. संघटनेशिवाय मोठे भांडवल ओझे होते, हे आम्ही पुष्कळ सभांतून सांगितले आहे. येथे ते खेळात पाहावयास मिळाले.

बाकी राहिल्या शोभेच्या मोटारी. वीस-पंचवीस लाखांच्या, जमिनीलगत धावणाऱ्या, चकचकीत. त्यांनी कमाई वाढत नाही आणि परत विकताना किमतीचा मोठा भाग बुडतो. हौस असावी, पण कमाईचे वाहन आधी आणि मिरवण्याचे नंतर. दर गुरुवारी दुकानातील सवलती बदलतात, तेवढी वाट पाहावी. काही वाहने विशिष्ट कामगिऱ्या पुऱ्या केल्यावर कमी भावात मिळतात, ती घाईने पुऱ्या दरात घेऊ नयेत. विकत घेतलेल्या वाहनाचा विमा असतो. ते नष्ट झाले तरी थोडी रक्कम भरून परत मिळते. आणि हे ध्यानात ठेवावे की, मालमत्ता वाढली की रोजचा खर्चही वाढतो. खेळातील दिवस आपल्या ४८ मिनिटांचा असतो आणि दर दिवसाअखेर वीज, नोकर, मेकॅनिक ह्यांचे पैसे आपोआप कापले जातात.

येथवर खेळाडूच्या बाजूचा हिशेब झाला. आता मालकाच्या बाजूने पाहू.

जुलै २०२२ च्याच बदलांत त्या उडत्या मोटारसायकलीची किंमत सुमारे ३९ लाखांवरून ८० लाखांवर नेण्यात आली. पाणबुडीच्या दरोड्याचे उत्पन्नही पुढे कमी करण्यात आले आणि दोन फेऱ्यांमध्ये सक्तीने थांबण्याचा काळ वाढवण्यात आला. त्याच वेळी इतर काही कामांचे दर वाढवले, हेही सांगितले पाहिजे. परंतु उक्त्या मजुरीवर काम केलेल्या प्रत्येक कामगाराला ही चाल ओळखता येईल. कामगार हात बसल्यावर भराभर काम उरकू लागला, त्याची कमाई वाढली, की मालक म्हणतो दर फार सैल झाला आहे. आणि दर कापतो. गिरण्यांतून हे घडले, विडीच्या धंद्यात घडले. लॉस सँटोसमध्येही तेच घडले. फरक एवढाच की, तेथे खेळाडूंची युनियन नाही आणि वाटाघाटीला टेबल नाही. ऊसतोडणीचा दर मात्र संप, मोर्चे आणि बैठका होऊन जानेवारी २०२४ च्या तडजोडीत ३४ टक्क्यांनी वाढला व टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. तो कमी आहे की पुरेसा, हा वाद वेगळा. पण तो मागून आणि झगडून मिळाला.

दर का कापला जातो, ह्याचे उत्तर दुकानात आहे. ज्याला राबावयाचे नसेल त्याला कंपनी खेळडॉलर खऱ्या पैशाने विकते. त्यास शार्क कार्ड म्हणतात. सर्वांत मोठे कार्ड अमेरिकेत शंभर डॉलरचे. त्यात पूर्वी ८० लाख खेळडॉलर मिळत, पुढे त्यांत वाढ झाली. आपण जुना आकडा घेऊन हिशेब करू. एका फेरीस दहा लाख आणि दीड तास धरला, तर ८० लाखांस आठ फेऱ्या म्हणजे बारा तास लागतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. बारा तासांचे ८७ डॉलर होतात. म्हणजे तेथल्या सर्वांत कमी पगाराच्या कामगाराला कार्ड घेणे आणि राबणे जवळजवळ सारखेच पडते. किंमत त्याच्या खिशाच्या मापाने शिवलेली आहे. आता आपल्याकडे या. डॉलर नव्वद रुपयांचा धरला, तर शंभर डॉलरचे नऊ हजार रुपये होतात. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले, तर नवराबायको दोघांची तोडणी ७३२ रुपये झाली. नऊ हजारांसाठी त्या दोघांना बारा दिवसांहून अधिक काळ पहाटेपासून कोयता चालवावा लागेल. हा आकडा आम्ही मुलांपुढे मांडला तेव्हा दोघा-तिघांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला.

आणि एवढ्याने मिळते काय? खेळडॉलर कंपनीच्या दुकानाबाहेर कोठेही चालत नाहीत. ते कंपनीकडून विकत घेता येतात, कंपनीला परत विकता येत नाहीत. कामगारांच्या इतिहासात ह्याला जोड आहे. आसामच्या चहामळ्यांत ब्रिटिश अमदानीत मजुरांना कित्येक ठिकाणी नाण्यांऐवजी मळ्याची बिल्ले-टोकने दिली जात. ती मळ्याच्या परिसराबाहेर कवडीमोल. मजूर मळा सोडून जाणार कसा? ह्यासारख्याच अनुभवांमुळे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात मजुरी चलनी नाण्यांत अथवा नोटांतच दिली पाहिजे, असे कलम आले आणि आजच्या वेतन संहितेतही ते तत्त्व टिकून आहे. खेळ हा रोजगार नव्हे, म्हणून तो कायदा तेथे लागत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु हातात पडलेला पैसा टोकन आहे की चलन आहे, एवढे ओळखण्याची अक्कल आपल्या आजोबा-पणजोबांनी फार मोठी किंमत देऊन मिळवली आहे. नातवांनी ती गमावू नये.

हे खेळडॉलर बाहेर विकून देतो, किंवा थोड्या रुपयांत कोट्यवधी खेळडॉलर खात्यात भरून देतो, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. कंपनी अशी खाती बंद करते, आणि पुष्कळदा देणाऱ्याने घेतलेले खरे रुपयेही जातात. फसवणूक झालीच तर लाजू नये. १९३० ह्या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. त्या खेळांनी घरे बसवली आहेत. त्यांची आणि ह्या खेळाची गल्लत करू नये; पण दोन्हींकडे मुलाचा अंगठा आणि बापाचे खाते ह्यांत अंतर ठेवावे, हा उपाय मात्र एकच आहे.

वेळेच्या बाबतीत एक मासलेवाईक हकीकत सांगण्यासारखी आहे. ह्या खेळात प्रवेश करताना कित्येक वर्षे पुष्कळांना पाच-सहा मिनिटे ताटकळत बसावे लागे. साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंत गाड्या उभ्या असतात आणि त्या खोळंब्याचे पैसे कोणी देत नाही, तसेच हे. २०२१ साली बाहेरच्या एका जाणकार खेळाडूने कारण शोधून काढले. दुकानातील सुमारे त्रेसष्ट हजार वस्तूंची यादी संगणक अत्यंत अडाणी पद्धतीने वाचत होता. ती पद्धत सुधारताच त्याच्या संगणकावर खोळंबा सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. कंपनीने चूक मान्य करून दुरुस्ती केली आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिले. ते योग्यच झाले. पण खेळ सुरू होऊन तोवर सात वर्षे उलटली होती. दुकानाची यादी वाचली जात असताना जगभरच्या माणसांचे किती तास फुकट गेले असतील, त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

आता ज्या प्रश्नाची पालकांना धास्ती वाटते तो प्रश्न. असल्या खेळाने मुले गुन्हेगार होतात काय? आम्ही मानसशास्त्रज्ञ नाही. आम्ही एवढेच म्हणू की, आपल्या जिल्ह्यातील गुन्हेगारी संगणकातून आलेली नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण होऊन त्यांचा खून झाला. पवनऊर्जेच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी त्याचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. त्यावर निर्णय देणे न्यायालयाचे काम आहे. परंतु खंडणी, हत्यारांची मिरवणूक, काळ्या काचांच्या गाड्यांचा ताफा आणि त्यापुढे वाकणारी माणसे हे सर्व मुलांनी पडद्यावर पाहण्यापूर्वी रस्त्यावर पाहिलेले असते. लॉस सँटोसमध्ये मेलेला माणूस क्षणात उठून उभा राहतो, जळालेली मोटार विम्यात परत मिळते. मस्साजोगला तसे झाले नाही. मुलाजवळ बसून हा भेद त्याच्याशी बोलणे, हे मोबाईल हिसकावून घेण्याहून कठीण आणि अधिक उपयोगाचे काम आहे.

ज्यांनी हे गाव उभारले त्या कामगारांविषयी दोन शब्द. प्रत्येक रस्ता, प्रत्येक मोटार, प्रत्येक पावसाची सर कोणाच्या तरी हातची आहे. ह्या कंपनीची एक शाखा आपल्या बंगळूरलाही आहे. २०१८ साली तिच्या दुसऱ्या एका खेळाच्या वेळी कामाच्या लांबलचक आठवड्यांवरून जगभर चर्चा झाली होती. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ब्रिटन आणि कॅनडातील तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना कंपनीने काढले. गोपनीय माहिती बाहेर गेली, असे कंपनीचे म्हणणे. युनियन बांधत होते म्हणून काढले, असे तेथल्या इंडिपेंडंट वर्कर्स युनियनचे म्हणणे. खरेखोटे तेथे ठरेल. पण खेळणाऱ्या मुलाने एवढे जाणावे की, पडद्यामागे त्याच्याच वयाची माणसे तास मोजीत बसलेली आहेत.

मग खेळू नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती सुटी कामगाराने कशी घालवावी, हे सांगण्याचा अधिकार मालकाला नाही आणि पुढाऱ्यालाही नाही. तालीम, तमाशा, पत्ते, सिनेमा, तसाच हा खेळ. अठरा वर्षांवरच्या माणसाने, मित्रांबरोबर, ठरवलेल्या वेळात तो जरूर खेळावा. आमचे मागणे एवढेच आहे की, सुटीच्या दिवशी आपण खेळत आहोत की पुन्हा उक्त्या कामावर गेलो आहोत, हे प्रत्येकाने आपले आपण तपासावे. त्याची खूण सोपी आहे. दरोडा घालताना हसू येत असेल, तर तो खेळ आहे. कोठार रिकामे राहील, आजची फेरी चुकेल, गुरुवारची सवलत जाईल म्हणून डोळे चोळीत बसावे लागत असेल, तर ती पाळी झाली, आणि त्या पाळीची मजुरी खेळाच्या बाहेर एका दमडीची नाही.

मुलांनी एक वही करावी. डाव्या पानावर खेळात काय कमावले ते लिहावे आणि उजव्या पानावर त्यास किती तास लागले ते लिहावे. हिशेब ठेवण्याची सवय लॉस सँटोसमध्ये लागली तरी चालेल. ती सवय घेऊन हा मुलगा उद्या मुकादमापुढे, काट्यापुढे किंवा कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहिला, तर आपले वजन आणि आपला दर तो विचारून घेईल.